कमलच्या नावावरचा रिपोर्ट

आमच्या क्लिनिकमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. ॲप्रनच्या खिशात हात घातला की कापसाचे बोळे, पेनाची टोपणं आणि दोन-चार किस्से हमखास निघतात. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "वंदना, तुझ्या दवाखान्यातलं सांग ना काहीतरी!" मग मी सुरू होते आणि चहा गार होतो. त्यातही द्राक्षवाल्या टोळीचं प्रकरण त्यांना इतकं पाठ झालंय, की एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर मलाच दुरुस्त करतात. तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय, तेव्हा नीट पहिल्यापासून सांगते. नावं तेवढी बदललीत.

आम्ही तिघी. डॉक्टर मॅडम, मी म्हणजे सिस्टर, आणि आमच्या सुमनमावशी. नाशकात गंगापूर रोडच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचं बायकांचं क्लिनिक. दर गुरुवारी एकच काम, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. पॅप टेस्टमध्ये पेशी खराब दिसल्या की बाईला बोलवायचं, मॅडम दुर्बिणीतून बघणार. खराब भाग असलाच तर तेवढी जागा बधिर करून तारेच्या छोट्याशा लूपने नखाएवढा तुकडा काढणार. पंधरा-वीस मिनिटं. त्याच दिवशी घरी.

हा कॅन्सर नसतो. पण तसंच सोडून दिलं तर काही वर्षांनी होऊ शकतो. बाई वेळेत सापडली की वाचली, इतकं ते सरळ आहे. आमची एक बाई सापडतच नव्हती, त्याची ही गोष्ट.

*

मार्चमध्ये आम्ही निफाडकडच्या एका गावात कॅम्प घेतला होता. द्राक्षाची काढणी जोरात चालू होती. हिराबाई नावाच्या मुकादमबाईने तिच्या टोळीतल्या बारा जणींची यादी दिली. सँपल मी घेतली. बारा नावं, बारा किट, यादीवर बारा खुणा. एप्रिलमध्ये अकरा रिपोर्ट चांगले आले. बारावा, कमल नावाच्या बाईचा, खराब आला. तोही किरकोळ खराब नाही, 'हाय ग्रेड', म्हणजे बराच गंभीर. मी हिराबाईला फोन करून सांगितलं, "गुरुवारी कमलला घेऊन या."

गुरुवारी जिन्यावर एवढा धडधडाट झाला की मावशींना वाटलं, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी कपाट चढवतायत. बघते तर अख्खी टोळी! खाली पिकअप उभी. आमचा बाक सहा जणांचा, आणि बाया बारा.

"अहो हिराबाई, एकटीला बोलावलं होतं!"

"एकटी कशी यील? टोळी हाय आमची. एक आली म्हंजी समद्या येत्यात." एवढं बोलून हिराबाईने पदर खोचला आणि थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेली. "मॅडम, ते दुर्बीण-बिर्बीण ऱ्हाऊ द्या. पिशवीच काढून टाका हिची. माझी काढली, माझ्या वयनीची काढली. कटकट मिटली!"

मॅडम शांत बाई. त्यांनी विचारलं, "घडात एक मणी सडका निघाला तर काय करता?"

"कात्रीनं तेवढा मणी काढतो."

"वेल उपटत नाही?"

"येडी का काय मी?"

हिराबाईने जरा वेळ छताकडे बघितलं, मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बरं. बघा मग दुर्बिणीतून."

*

दुर्बिणीतून बघताना आम्ही आत व्हिनेगरसारखं औषध लावतो. खराब पेशी असतील तर तेवढा भाग पांढरा पडतो. वास मात्र सगळ्या खोलीत पसरतो.

कमल टेबलावर डोळे घट्ट मिटून पडली होती. एकदम नाक फेंदारून म्हणाली, "सिस्टर, इथं चायनीज कोण खातंय?"

मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "तेच घातलंय. फक्त मंचुरियन नाहीये."

कमल इतकी हसली की मॅडमना दोन मिनिटं थांबावं लागलं. बाहेरून हिराबाई ओरडली, "काय झालं? काय झालं?" मावशींनी दार किलकिलं करून सांगितलं, "काही नाही, हसतीये." तर बाहेरच्या अकरा जणी काहीही माहीत नसताना हसायला लागल्या. अशी ही टोळी.

आणि आत काय होतं? काहीच नाही. पांढरा ठिपकासुद्धा नाही. स्वच्छ, गुलाबी, निरोगी. कमलने खाली उतरून मॅडमचे पाय धरले, टोळीने पेढे आणले, मावशींनी दोन पेढे खाल्ले आणि एक डब्यात टाकला. मॅडम मात्र रिपोर्टकडे बघत बसल्या. हाय ग्रेड असा हवेत विरून जात नाही. त्यांनी लॅबला फोन केला, स्लाइड पुन्हा बघायला लावली. स्लाइड खराबच होती. लेबलही बरोबर होतं. कमलची नवीन टेस्ट केली, ती चांगली आली.

"मग ती स्लाइड कोणाची?" मॅडमनी मला विचारलं.

कॅम्पच्या दिवशी सँपल घेणारी तर मीच होते.

*

ते उत्तर एका पेढ्यावर मिळालं. आठवड्याने कमल नव्या टेस्टचा रिपोर्ट न्यायला आली, अर्थात टोळीसकट. टोळीने पुन्हा आणलेला पेढा खाता खाता मावशी तिला गप्पांत म्हणाल्या, "कॅम्पच्या दिवशी दुखलं का गं तुला?"

कमल म्हणाली, "मला काय म्हाईत? मी तर नांदगावला भाच्याच्या साखरपुड्याला गेले होते. हिराबाईनं चल म्हन्लं, म्हनून इथं आले."

माझ्या हातातली फाइल खाली पडली.

"हिराबाई! मग कमलच्या जागी कोण आलं होतं?"

हिराबाईला काही वाटलंच नाही. "बदली दिली व्हती की! बारा नावं दिली, बारा डोकी उभी केली. आमच्याकडं असंच अस्तंय. एक गडी नसला तर बदली द्यायची, ओळ मोकळी ठिवायची नाय."

अहो, द्राक्षाची ओळ आणि पॅप टेस्ट! पण तिला बोलून काय उपयोग? तिने शब्द पाळला होता. आयुष्यभर ज्या रीतीने काम केलं त्याच रीतीने तिने माझ्यापुढे बारा बाया उभ्या केल्या. चूक माझी होती. यादीत शेवटचं एकच नाव उरलं होतं, म्हणून मी पुढे आलेल्या बाईला "नाव काय?" असं विचारलंच नाही. मी म्हटलं, "कमल ना?" आणि ती म्हणाली, "हो." अठरा वर्षांची नोकरी, आणि नवख्या मुलीसारखी चूक केली!

"बदलीवाली कोण होती?"

"पेठची व्हती. सकाळी फाट्यावर मजुरीला उभी व्हती, एक दिसासाठी घेतली."

"नाव?"

"नाय इचारलं."

"गाव?"

"पेठकडचं म्हन्ली."

"तोंडावळा?"

हिराबाईने हात पसरले. "बागेत तोंडाला फडकं गुंडाळलेलं अस्तंय, सिस्टर. कोनाचा तोंडावळा आन काय!"

मलाही कॅम्पच्या गर्दीतला तिचा चेहरा आठवेना. म्हणजे पेठच्या डोंगरात कुठेतरी एक बाई फिरत होती. तिच्या पिशवीच्या तोंडाशी खराब पेशी होत्या. तिला ते माहीत नव्हतं, आम्हाला ती माहीत नव्हती, आणि रिपोर्टवर नाव होतं कमलचं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. खोटं कशाला सांगू?

*

मॅडमनी पेठच्या ओळखीतल्या आशाताईंना, तिथल्या आरोग्य कार्यकर्तीला, फोन लावला. त्या बिचाऱ्या मनापासून म्हणाल्या, "शोधते ना. नाव सांगा." तिथेच विषय संपला. हंगाम संपून पेठची माणसं केव्हाच घरी गेली होती.

हिराबाई मात्र गप्प बसली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "सिस्टर, एक आठवलं. ती बाई डावरी व्हती. कात्री डाव्या हातात धरायची. माझ्या टोळीत डावरी कोन्ही नाय, म्हनून ध्यानात ऱ्हायलं."

मी म्हटलं, "अहो, डावखुरी बाई म्हणून पेठ तालुक्यात कुठे शोधणार?"

"ते माझ्यावर सोडा."

त्यानंतरच्या गुरुवारी जिन्यावर पुन्हा धडधडाट. हिराबाईची टोळी, आणि टोळीच्या मध्ये बावरलेल्या सहा अनोळखी बाया. मागून एक जण कारल्याचं पोतं घेऊन चढत होती.

झालं होतं असं, की ही टोळी पिकअप घेऊन पेठच्या आठवडे बाजारात गेली. हिराबाईने कामं वाटून दिली. कोणी भाजीवालीकडे जायचं, कोणी सुकटवालीकडे, कोणी बांगड्यांकडे. प्रत्येकीने थोडं थोडं काहीतरी घ्यायचं आणि समोरची कोणत्या हाताने देते, कोणत्या हाताने घेते, ते बघायचं. दिवसभरात सहा डावखुऱ्या सापडल्या. कारली कशी पोतंभर झाली, ते मात्र कोणीच कबूल करत नव्हतं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "हिराबाई, यातली ती कोण?"

"वळखू यीना. म्हनून समद्या आनल्या."

"आणि या आल्या कशा?"

"तपासनी हाय म्हन्लं. खरंच हाय ना तपासनी? ही एक तर नाशिक बघायला आलीया."

"अहो, पण अशी माणसं उचलून आणायची?"

हिराबाई दुखावली. "मी मुकादम हाय. मान्सं आननं हेच माझं काम!"

मॅडम मला हळूच म्हणाल्या, "सिस्टर, नाही सापडली तरी सहा बायांची टेस्ट होईल. चालू करा."

मी रजिस्टर उघडलं. या वेळी मात्र शहाणी झाले होते. एकेकीला समोर बसवलं, डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "तुमचं नाव सांगा." पहिलीने सांगितलं, दुसरीने सांगितलं. नाशिक बघायला आलेलीने नाव, नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव आणि बैलाचंही नाव सांगितलं. सहावी बारीकशी होती, कपाळावर गोंदण. तिने माझ्याकडे बघितलं. रजिस्टरकडे बघितलं. मागे उभ्या असलेल्या हिराबाईकडे बघितलं. आणि म्हणाली,

"कमल."

खरी कमल मागून किंचाळली, "अगं बाई!"

ती घाबरली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मागल्या टायमाला हिच्या टेबलापाशी माझं नाव कमलच होतं."

मी उठून तिला मिठी मारली. तिला काय वाटलं असेल कोण जाणे! तिचं खरं नाव यमुना.

*

यमुनाला मॅडमनी केबिनमध्ये बसवून, कागदावर चित्र काढून, सगळं समजावलं. मग दुर्बिणीतून बघितलं. औषध लावलं आणि पांढरा भाग स्पष्ट दिसला. पडद्यावर मला दिसला तेव्हा भीती वाटली, आणि त्याच क्षणी असं बरंही वाटलं की काय सांगू! तुकडा तपासायला पाठवला. अजून कॅन्सर नव्हता. वेळेत होतो आम्ही. जूनमध्ये, भाताच्या लावणीच्या आधी, लूपने तेवढा भाग काढायचं ठरलं.

आता, छोट्या ऑपरेशनच्या वेळी आमच्या सुमनमावशींची एक खास पद्धत आहे. त्या बाईच्या डोक्याशी उभ्या राहतात, हात धरतात आणि एखादी रेसिपी विचारतात. मॅडम म्हणतात, भुलीचं इंजेक्शन मी देते, पण खरी भूल मावशींची. स्वयंपाकाचं सांगताना बाई मशीनचा घुर्रर्र आवाजसुद्धा ऐकत नाही.

यमुनाला त्यांनी विचारलं, "बांबूच्या कोंबाची भाजी कशी करतात गं तुमच्याकडे?"

झालं. यमुना सुरू झाली. कोंब कोणत्या दिवसांत काढायचा, कसा सोलायचा, किती बारीक चिरायचा, पाणी किती वेळा फेकायचं. मॅडमनी जागा बधिर केली, लूप फिरवला, तुकडा बाटलीत टाकला, रक्त थांबवलं. "झालं यमुना, ऊठ हळूच."

यमुना उठेना. "थांब ना! अजून कोंब शिजतोय."

ती सगळ्यांनाच 'अगं-तुगं' करते, मॅडमनासुद्धा. मॅडमनी हातमोजे काढले, स्टुलावर बसल्या आणि फोडणी पडेपर्यंत सगळी भाजी ऐकून घेतली. त्या दिवशी पुढच्या तीन पेशंटना अर्धा तास उशीर झाला. कोणी तक्रार केली नाही, कारण मावशी बाहेर जाऊन त्यांनाही भाजी सांगून आल्या होत्या.

*

ऑपरेशननंतर महिनाभर दोन पथ्यं असतात. जड उचलायचं नाही आणि नवऱ्याने लांब राहायचं. पहिलं सांगायला सोपं असतं. दुसरं सांगायला मॅडम नवऱ्याला आत बोलावतात, दार लावतात, हळू आवाजात सांगतात.

यमुनाचा नवरा बाहेर भिंतीला टेकून उभा होता. अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. मॅडम त्याला बोलवणार, तेवढ्यात हिराबाईने काम हातात घेतलं. द्राक्षाच्या बागेत हाक मारावी तशा आवाजात ती म्हणाली, "ऐक रे! हंडा उचलू द्यायचा नाय, मोळी उचलू द्यायची नाय, आन म्हैनाभर बायकोपासून लांब झोपायचं! कळलं का?"

यमुनाचा नवरा लाजून जिन्यात पळाला. पण कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले एक रिटायर्ड गृहस्थ, ज्यांची सून तपासणीला आली होती, त्यांनी चटकन पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "हो. कळलं."

*

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला, कडा स्वच्छ. डिसेंबरमध्ये, सहा महिन्यांनी, यमुना पुन्हा तपासणीला आली. द्राक्षांच्या कामावर परत आली होती, आता हिराबाईच्याच टोळीत, स्वतःच्या नावाने. टेस्ट केली. आठवड्याने चांगला रिपोर्ट आला आणि तो मी स्वतः तिच्या हातात दिला. मॅडमनी देवाला हात जोडले, मी मॅडमना जोडले, मावशींनी डोळे पुसले. या नोकरीने मला पुष्कळ दिलंय, पण त्या कागदाइतकं काही दिलेलं नाही.

सगळ्या बाहेर गेल्या, तेव्हा मी यमुनाला थांबवलं. एक गोष्ट मला कित्येक महिने टोचत होती.

"यमुना, चूक माझी होती गं. कॅम्पच्या दिवशी मी तुला नीट नाव विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुला शोधत फिरायला लागलं नसतं. सापडली नसतीस तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं."

यमुनाने माझ्याकडे जरा आश्चर्यानेच बघितलं.

"तू इचारलं नाय ते बरं झालं," ती म्हणाली. "त्या दिसी रांगेत माझ्या पुढं माझी जाव उभी होती, माझ्यासंगं मजुरीला आलेली. तिला तू नीट नाव इचारलं. तिनं खरं नाव सांगितलं. तू यादी बघितली, आन तिला परत धाडलं."

मी विचारलं, "कुठे असते तुझी जाव?"

"भायेर बाकावर बसलीय. आज तिला घे."